सुधाकरची एक्क्यांची जोडी

पोकरमधी चांगले पत्ते कसे खेळाचे, हे मले नोको विचारू बाप्पा.

शेंदूरजनाघाटले आमच्या संत्र्याच्या शेडमधी आमी चौघं दुपारी ट्रकची वाट पाहत खेळत होतो. संत्रं भराचं कॅरेट उलटं केलं की झालं टेबल. सुरुवातीले हातात दोनच पत्ते येतात. एक्क्यांची जोडी आली की आमी लगेच मोठी चाल करत होतो, अन् बाकीचे पत्ते फेकून डावातून पळून जात. सुधाकर म्हणे, “जोडी आली की रडा लेकहो! समोरच्याले दया आली, तरच तो डावात राह्यते.” मंग त्याचं पोट दुखे, डोकं दुखे, अन् डाव तोच नेई.

त्या दिवशी पत्ते वाटले अन् त्यानं छातीवर हात ठेवला. “मले बरं वाटून नाही राहिलं. दवाखान्यात नेता का?”

रमेश हासला. “आज डायरेक्ट दवाखाना! लय मोठी जोडी दिसते बे!”

“खरंच म्हणतो रे.”

“हाव, तुयं दरवेळी खरंच असते,” मी म्हटलं. आमी तिघांनीही पत्ते फेकले. “घे, नेला तू डाव.”

त्यानं डाव उचलला नाही. तिथंच कॅरेटवर कलंडला. वरूडच्या दवाखान्यात पोचेस्तोवर गेला.

लोक म्हणतात, तुमी लगेच गाडी काढली, तुमचा काय दोष? पण रमेश गाडी काढाले पळाला, तवा मी काय केलं हे कोणाले माहीत नाही. सुधाकरले हात लावाच्या आधी मी त्याचे पत्ते पलटून पाहिले.

दुर्री अन् सत्ती.