घड्याळ म्हणालं चौऱ्याऐंशी

नाही, पण मी म्हणतो, घड्याळाने घड्याळाचं काम करावं ना! वेळ सांगावी आणि गप्प बसावं! पण नाही, आजकालच्या घड्याळांना माणसाच्या काळजात डोकवायचं असतं... हा पांढरा पट्टा दिसतोय मनगटावर? तुम्हाला सांगतो, तीन महिने त्या जागेला ऊन लागलेलं नाही. आंघोळीतसुद्धा काढत नव्हतो. खालून हिरवा दिवा लुकलुकणार आणि वर छातीच्या ठोक्यांचा आकडा. बहात्तर... शहात्तर... पंचावन्न पूर्ण झाली म्हणून लेकीने दिलेलं. आणि मी कोण? तीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत हिंडलेला माणूस! अर्ध्या ग्रॅमसाठी भल्याभल्यांना घाम फोडलाय मी. दुकानात पाऊल टाकलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "काटा खरा कशावरून?" आणि हाच मी, ते घड्याळ हातात घातलं, आणि एकदाही त्याला विचारलं नाही, की बाबा रे, तू खरा कशावरून? लाज वाटते हो सांगायला... पण सांगतो.

तर त्या दिवशी सकाळी मी व्यायामशाळेत. दुसरा मजला, लिफ्ट बंद. ती कधी चालू असते म्हणा! व्यायाम करायला आलेल्यांना लिफ्ट कशाला, असं मालकाचं म्हणणं. मी त्या पळायच्या पट्ट्यावर, मस्त, हात हलवत, तोंडाने गुणगुणत. गुणगुणत, लक्षात घ्या! घड्याळ मनगटावर बांगडीसारखं खुळखुळतंय, कारण घट्ट बांधलं की मला खाज सुटते. आणि सहज खाली बघतो तर... एकशे एकाहत्तर! म्हटलं, घामाने नीट दिसत नसेल. पुसून बघितलं. एकशे चौऱ्याहत्तर! आता, तिथल्या ट्रेनरने मला पहिल्याच दिवशी हिशेब शिकवला होता, दोनशे वीसमधून वय वजा करायचं, काका, त्याच्या वर साधारण जायचं नाही. पंचावन्न वजा केले की किती उरले? एकशे पासष्ट. आणि मी एकशे चौऱ्याहत्तर! म्हणजे नियमाप्रमाणे मी जिवंतच नव्हतो!

पळायचा पट्टा बंद केला. उतरलो आणि तिथेच सतरंजीवर आडवा झालो. ट्रेनर धावत आला. "काका, काय होतंय? छातीत दुखतंय? डावा हात?" म्हटलं, "नाही." "चक्कर?" "नाही." "मग बरं वाटतंय ना?" म्हटलं, "मला बरं वाटतंय रे, पण मी बरा नाहीये!" आणि घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. तो बिचारा म्हणाला, "काका, घड्याळ जरा सैल वाटतंय..." मी म्हटलं, "ही वेळ आहे का सैल-घट्ट बघायची? बायकोला फोन लाव!"

त्याने लावला. स्पीकरवर. हे मला नंतर कळलं.

आता माणसाला वाटलं की आपलं संपलं, तर माणूस काय बोलेल? काळजी घे, पोरीला सांभाळ, असं काहीतरी बोलेल. मी काय बोललो असेन? म्हटलं, "ऐक. तुझ्या भावाच्या लग्नात माझं पोट दुखत नव्हतं. मॅच बघायची होती म्हणून मी खोलीला आतून कडी लावली होती." आणि थांबलो का? नाही! "तुझा तो निळा काचेचा जग कामवाल्या बाईंनी नाही फोडला, मी फोडला." वजनं उचलणारे सगळे थबकले. एकाने तर वजन हातात तसंच धरून ठेवलं होतं, पुढचं ऐकायला! आणि पलीकडून ही एवढंच म्हणाली, "आहात तिथेच पडून राहा. आले."

लाज वाटते हो... पण खरी लाजेची गोष्ट ही नव्हेच. ऐका पुढे.

ही आली. दोन जिने चढून, एका दमात. दारात उभी राहिली, चौकटीला धरून, आणि तिला बोलताच येईना. मला वाटलं, माझ्या काळजीने. काय माणूस असेन मी! ट्रेनरने आम्हा दोघांना समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या लेकीच्याच वयाची. मला आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, ठोक्यांची कागदी पट्टी काढली. "काका, अगदी छान आहे. अठ्ठ्याऐंशी." म्हटलं, "ते आत्ता! तेव्हाचं काय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं, वायरी राहू देत. उभे राहा आणि जागच्या जागी पळा." पळालो. वायरी लोंबतायत, मी पळतोय, आणि ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघतेय. यंत्र म्हणालं एकशे बारा. घड्याळ म्हणालं एकशे अडुसष्ट! डॉक्टरीणबाई माझ्या छातीकडे बघतच नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मोजत होत्या. म्हणाल्या, "काका, हे घड्याळ तुमचे ठोके नाही, पावलं मोजतंय!"

मग त्यांनी समजावलं. तो हिरवा दिवा कातडीखालचं रक्त कसं हेलकावतं ते बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. अंदाज, बरं का! स्वस्थ बसलात तर बहुतेक वेळा बरा जमतो. पण हात हलायला लागले, पट्टा सैल असला, की पावलांचा हेलकावा कुठला आणि रक्ताचा कुठला, हे त्याला कळेनासं होतं. "पट्टा जरा वर, नीट बांधा. व्यायामात नेमकं हवं असेल तर छातीला लावायचा पट्टा मिळतो. आणि जिवाला कसं वाटतंय, ते आधी बघा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, सुटलो!

आणि त्यांनी सहज मागे वळून विचारलं, "काकू, तुम्हाला अजून धाप लागलीये? येऊन वीस मिनिटं झाली."

ही म्हणाली, "लागते हो. दोन महिने झाले."

"मग दाखवलं नाहीत कुणाला?"

आणि ही अगदी साधेपणाने, तक्रारीचा सूरसुद्धा नाही, म्हणाली, "ह्यांनी त्यांचं घड्याळ लावून बघितलं ना. चौऱ्याऐंशी आलं. म्हणाले, ठणठणीत आहेस. मग मीही बोलायचं सोडलं."

...

बघितलं होतं मी. आमच्या जिन्यात. भाजीची पिशवी खाली ठेवून ही कठड्याला टेकली होती, म्हणाली, "थांबा जरा, छातीत फडफडतंय." आणि मी रुबाबात माझं घड्याळ तिच्या बारीक मनगटावर, बांगड्यांच्या वर, अडकवलं. चौऱ्याऐंशी! म्हटलं, "हे बघ, आकडा आहे आकडा! तुझं आपलं उगाच काहीतरी." तिची छाती वरखाली होताना दिसत होती मला. ओठ पांढरे पडलेले दिसत होते. पण आकडा होता ना माझ्याकडे!

डॉक्टरीणबाईंनी हिच्या छातीला नळी लावली, आणि त्यांचं हसू गेलं. वायरी माझ्या अंगावरच्या काढून हिला लावल्या. एकशे शेहेचाळीस. आणि ठोक्यांना लय नाही, दोन जवळ, एक लांब, मग तीन घाईघाईत. "असं असलं की काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत," त्या म्हणाल्या. "काका, अशाने रक्ताची गुठळी होऊ शकते. मेंदूत जाऊ शकते. बरं झालं आज आलात."

आज आलात! कशासाठी आलो होतो? माझं खोटं दुखणं घेऊन!

हिला लगेच मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. लेकीला फोन केला तर ती एकच म्हणाली, "बाबा, घड्याळाच्या डबीतला कागद वाचलात का?" रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी, ही आत वॉर्डात असताना, बाहेर बाकावर बसून वाचला. बारीक अक्षरात होतं. 'वैद्यकीय निदानासाठी वापरू नये.' दुकानदारांच्या काट्यामागची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचतो हो! लाज वाटते... खरंच वाटते.

चार दिवसांनी ही घरी आली. गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची एक, ठोके ताळ्यावर ठेवायची एक. सुधारतेय. डॉक्टरीणबाईंनी मला दोन बोटांनी नाडी बघायला शिकवलंय. अंगठ्याच्या खाली बोटं ठेवायची, भिंतीवरच्या साध्या घड्याळाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. रोज सकाळी ही हात पुढे करते, मी श्वास रोखून मोजतो, आणि सांगतो, "अठ्ठ्याहत्तर. लय बरी आहे."

ही हात मागे घेत नाही. माझ्याकडे बघते आणि म्हणते,

"पुन्हा मोजा."

...मोजतो! काय करणार? मोजतो पुन्हा!