सलीमभाईंची बॅटरीवरची सायकल

आमच्या सलीमभाईंचं ऐकलंत का? साताऱ्यात आमच्याच गल्लीत राहतात, चष्म्यांचं दुकान चालवतात. गुडघे धरल्यापासून चढ म्हटला की रिक्षाच. मग मुलीनं हट्टानं बॅटरीवरची सायकल घेऊन दिली आणि रिक्षा सुटली.

एका दुपारी त्यांची बायको, आमच्या फातिमाभाभी, धावत आल्या. "भाईजान, हे जेवायला आले न्हाईत. दुकान बंद हाय, फोन उचलत न्हाईत. सायकलवरनं पडले तर न्हाईत कुठं?"

भाभींना स्कूटरवर मागं बसवून मी सगळं गाव पालथं घातलं. शेवटी एक भाजीवाली म्हणाली, "भाई व्हय? चार भिंतीच्या टेकडीकडं गेले की."

वर जाऊन बघतो तर सायकल उभी करून भाई कठड्यावर बसलेले. खाली सगळा सातारा उन्हात पेंगुळलेला. दुरून अजान अलगद वर येत होती.

"आवं, जीव घेता का माझा?" भाभी रडकुंडीला आल्या.

"घरीच वळणार होतो गं. पायडल मारलं, तर चढ लागेचना. म्हटलं, अजून थोडं वर जाऊ. लगीन झालं तवा आपण चालत यायचो न्हाई का हितं? बघ, आपली गच्ची दिसती."

भाभी डोळे पुसून बघत राहिल्या. वाऱ्यानं त्यांची ओढणी उडत होती.

"चला भाभी, सोडतो घरी," मी म्हणालो.

त्यांनी सायकलचं कॅरियर हातानं दाबून पाहिलं. "तुमी व्हा पुढं, भाईजान. आमी येतो सावकाश."