सालामांकाला मुक्काम

सौमित्र: आई, ही झेंडूची पाकळी आहे. कॉम्प्युटरच्या पंख्यात झेंडू कसा काय गेला?

नलू: दसऱ्याला पूजा केली होती ना. उडाली असेल एखादी.

सौमित्र: एखादी? अर्धा हार आहे आत! दरवर्षी तू वरून कुंकवाचं बोट लावतेस, ठीक आहे. या वर्षी हार कोणी घातला?

नलू: ह्यांनी.

माधव: वाहनाला हार घालतातच दसऱ्याला. म्हणजे, यंत्राला. यंत्राला घालतात.

सौमित्र: बाबा, आत हवा जायला जागा राहिली नाहीये. तरीच महिनाभर हा घरघरतोय. असो. मी आता हे साफ करतो, पाच वाजता मॅल्कम पेन ड्राइव्ह घेऊन येतोय. सगळं पुसायचं आणि नवीन विंडोज टाकायचं. तासाभराचं काम.

नलू: पुसायचं म्हणजे? फडक्याने?

सौमित्र: फॉरमॅट गं. आतलं सगळं उडवायचं. सहा वर्षांचा कचरा साठलाय.

माधव: आज शनिवार आहे.

सौमित्र: म्हणूनच. सुट्टी आहे मला.

माधव: शनिवारी लोखंडाचं नवीन काही घरात आणू नये.

सौमित्र: विंडोज लोखंडाचं नसतं, बाबा.

नलू: डबा तर लोखंडाचा आहे ना? मग झालं. आणि मी काय म्हणते, चाललंय ना ते? चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

सौमित्र: अगं, चालत नाहीये, तेच तर सांगतोय. विंडोज दहाचे अपडेट ऑक्टोबरातच बंद झाले. आणि आमच्या गेमचा नवा सीझन उद्या सुरू होतोय, तो अकराशिवाय उघडतच नाही. मी, मॅल्कम आणि परळचा धम्मपाल, तीन वर्षांची टीम आहे आमची. उद्या मी नसलो तर ते बिचारे काय करतील?

माधव: खेळतील की दोघं. पूर्वी पत्ते खेळताना चौथा आला नाही तर आम्ही तिघं खेळायचो.

सौमित्र: काय चाललंय तुमचं? दोघंही असे का करताय? आणि मला एक सांगा. हे अपग्रेड करा, अपग्रेड करा असं मशीन स्वतःच विचारतं. मॅल्कमला जूनपासून विचारत होतं. मला एकदाही विचारलं नाही. का?

नलू: चहा टाकू का?

माधव: विचारत होतं.

सौमित्र: कोणाला?

माधव: मला. मी 'नंतर' दाबत होतो.

सौमित्र: कधी?

माधव: रोज. दुपारी दोन वाजता. चौतीस वर्षं गोदीत कारकुनी केली रे, कुठलं प्रकरण कसं पेंडिंग ठेवायचं ते मला सांगू नकोस. नकार द्यायचा नाही, होकार द्यायचा नाही. फाईल नुसती खाली सरकवायची.

सौमित्र: एक मिनिट. मी ऑफिसला गेल्यावर तुम्ही रोज माझा कॉम्प्युटर लावता?

माधव: पेपर वाचायला.

सौमित्र: पेपर घडी न मोडता पडलेला असतो संध्याकाळी. आणि पासवर्ड?

नलू: तुझी जन्मतारीख. चार वेळा चुकलो, पाचव्यांदा उघडलं. अहो, सांगून टाका ना त्याला. नाहीतर मी सांगते. पाच वाजले की तो मॅल्कम येईल आणि आपण रस्त्यावर.

सौमित्र: रस्त्यावर?

नलू: आमचा ट्रक आहे त्यात.

सौमित्र: काय आहे?

नलू: ट्रक. निळा. सध्या सालामांकाला मुक्काम आहे. स्पेनमध्ये. पेट्रोल पंपाच्या मागे पार्क केलाय, काल पावणेचारला.

सौमित्र: बाबा? तुम्ही गेम खेळता?

माधव: खेळत नाही. चालवतो.

सौमित्र: तुम्ही! गेम म्हटलं की ज्यांच्या कपाळाची शीर उडायची, ते तुम्ही!

माधव: ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. तुझ्या आईच्या बायपासनंतर दुपार सरत नव्हती रे. ती खिडकीत बसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचो. मॅल्कम एकदा डबा द्यायला आला होता, त्याच्या आईने माशाचं लोणचं पाठवलं होतं. मी सहज विचारलं, सौमित्र दिवसभर काय करतो रे यात? त्याने दाखवलं. गोळ्या घालणारे होते सगळे. म्हटलं, शांतपणे नुसतं जाता येईल असं काही नाही का? मग त्याने हे ट्रकचं टाकून दिलं, तुला दिसणार नाही अशा कोपऱ्यात.

सौमित्र: मॅल्कमला माहितेय? तो रोज रात्री माझ्याशी बोलतो!

नलू: त्याच्या आईने, इनेझनेच, शपथ घातली होती त्याला. एका शब्दाने बोललास तर जेवायला वाढणार नाही म्हणाली.

सौमित्र: म्हणजे मॅल्कमच्या अख्ख्या खोताच्या वाडीला माहीत, फक्त मला नाही. वा. कुठून कुठे चाललाय हा ट्रक?

माधव: इस्तंबूल ते लिस्बन. आज अकरा महिने झाले.

सौमित्र: अकरा महिने? गेममध्ये ते दोन आठवड्यांत होतं!

नलू: ह्यांच्या चाळीसच्या स्पीडने होत नाही, आणि वाटेतलं एकेक गाव फिरत, माल उतरवत जातो आम्ही. मागून सगळे हॉर्न मारतात. हे म्हणतात, मारू दे.

माधव: पाटी असेल तिथे पाटीप्रमाणे. नियम म्हणजे नियम. चौतीस वर्षं ट्रकांचे गेटपास फाडले मी. ड्रायव्हर यायचे, खिडकीतून हात घालायचे, कोण नागपूरला निघालेला, कोण दिल्लीला. मी एकदाही ट्रकात चढून बसलो नाही. चढायला काय लागत होतं? कोणीही बसवलं असतं. पण कारकुनाने कसं चढायचं, असं वाटायचं.

नलू: आणि मी नकाशा बघते. उजवीकडून चालवायचं असतं तिथे, ते रोज मीच आठवण करते. माल कुठला घ्यायचा तेही मी ठरवते. मांसाचा माल घेऊ देत नाही ह्यांना.

सौमित्र: आई, आपण दर रविवारी मटण खातो.

नलू: खाणं वेगळं. वाहून न्यायचं म्हणजे टायमात पोचवायला लागतं, नाहीतर नासतं. माझ्या छातीला नको ते टेन्शन. आम्ही आपले फरशा नेतो. फरशा काही नासत नाहीत.

सौमित्र: पण लिस्बनच का?

नलू: इनेझ पोर्तुगालला, फातिमाच्या यात्रेला जाऊन आली ना, तेव्हा लिस्बनहून पोस्टकार्ड आणलंन तिने. म्हणाली, नलू, तिथे उभं राहिलं की पुढे जमीनच नाही, नुसतं पाणी. आमची ट्रिप ठरली होती तुला आठवतं? ह्यांच्या रिटायरमेंटनंतर. मग लॉकडाऊन आला. मग माझी छाती उघडली. डॉक्टर आता जा म्हणतात, विमानाने जा, कुठेही जा. माझाच धीर होत नाही. मला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचा धीर होत नाही, विमानात कुठली चढते मी?

सौमित्र: आई...

नलू: काय आई? खरं तेच सांगतेय.

सौमित्र: मला ऑफिसात त्याचंच टेन्शन असायचं गं. जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो, तू म्हणायचीस, बसलेय. मला वाटायचं, बसलीय त्या खिडकीत, चाळीतलं अंगण बघत. रडू यायचं मला कधी कधी. आणि तू बल्गेरियात!

नलू: बल्गेरियात पाऊस फार लागला.

सौमित्र: हसू नकोस. आणि बाबा, चालवता कसे? कीबोर्डवर? त्या बटणांनी वळणं घेता?

माधव: नाही.

सौमित्र: मग?

नलू: दाखवा आता. गादीच्या कपाटात, गोधड्यांच्या मागे आहे.

सौमित्र: हे... हे माझं स्टीअरिंग आहे.

माधव: हो.

सौमित्र: मामाने दिलेलं. बारावीला तुम्ही काढून घेतलंत. भंगारवाल्याला दिलं म्हणालात.

माधव: माळ्यावर होतं. द्यायला म्हणून जिन्यापर्यंत नेलं होतं, खरंच. भंगारवाला म्हणाला, चालू आहे साहेब, कशाला देता? मग परत आणलं. तुला सांगितलं नाही. मार्क कमी पडतील असं वाटायचं.

सौमित्र: मार्क तसेही कमीच पडले.

माधव: पडले. पंधरा दिवस तू माझ्याशी बोलला नव्हतास. मी पण बोललो नाही. बाप कसा आधी बोलणार? पहिल्यांदा हे हातात घेतलं ना, बल्गेरियात सोफिया शहराच्या अलीकडे एक घाट आहे, तिथे खाली दिवे दिसतात. तेव्हा वाटलं, हा पोरगा सतरा वर्षांचा होता आणि असं काहीतरी बघत होता, आणि मी त्याच्या हातातून ते ओढून घेतलं. चुकलं माझं, सौमित्र. कधीचं सांगायचं होतं. पण सांगायचं तर चोरी कबूल करायला लागली असती.

सौमित्र: अहो बाबा, ठीक आहे ओ.

माधव: ठीक नाही. पण झालं ते झालं. आता तू ठरव. तुझं मशीन आहे. पुसायचं तर पूस. उद्या तुझी टीम आहे, तू काम करतोस दिवसभर, तुला तेवढं एक सुख आहे.

सौमित्र: पुसून जाणार नाहीये काही. तुमचा ट्रक म्हणजे एक छोटी फाईल असते. मी ती पेन ड्राइव्हवर घेतो, नवीन विंडोज टाकलं की परत ठेवतो.

माधव: फाईल? मग हरवेल. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की हरवते, ते मला माहितेय.

नलू: आणि कॉपी केल्यावर ती आपलीच गाडी असेल का? की दुसरीच, तसली दिसणारी?

सौमित्र: तीच. सालामांकाला, पंपाच्या मागे, फरशांसकट.

नलू: आणि हे स्टीअरिंग चालेल नव्यावर? जुनं आहे रे ते.

सौमित्र: ते... बहुतेक चालेल. शंभर टक्के सांगता येत नाही. नाही चाललं तर नवीन आणू.

माधव: नवीन नको.

सौमित्र: बरं. लिस्बन किती राहिलंय?

नलू: चारशे ऐंशी किलोमीटर. एक बॉर्डर.

सौमित्र: लावा मग. मी खुर्च्या आणतो. मॅल्कमला सांगतो, उशिरा ये. आधी तुम्ही पोचा.

(पाऊण तासाने. तिघं स्क्रीनसमोर, आई मधल्या खुर्चीत.)

नलू: उजवीकडे. अहो उजवीकडे! हां. आता सरळ. ते फाटक आलं बघा.

सौमित्र: बाबा, रिव्हर्स मी घेऊ का? मागे लावायला अवघड असतं.

माधव: मला येतं.

नलू: येऊ द्या. येऊ द्या. अजून. थोडं माझ्या बाजूला. बस! थांबा!

सौमित्र: आलं! 'माल पोचला.' बाबा, एक ओरखडा नाही! मला नाही जमत असं.

माधव: चौतीस वर्षं बघत होतो ना, कसे लावतात ते.

नलू: समुद्र कुठाय?

सौमित्र: अं?

नलू: समुद्र. लिस्बनचा.

माधव: नकाशात निळं दिसतंय बघ. या गोदामाच्या पलीकडे.

सौमित्र: तिथे रस्ता नाहीये आई. गेममध्ये एवढाच भाग केलाय. गोदाम, फाटक आणि हायवे.

नलू: बरं.

माधव: नलू.

नलू: नाही हो, रडत नाहीये. गंमत वाटली. अकरा महिने आलो आणि गोदाम बघितलं. असली गोदामं तर तुमच्या गोदीत होती.

सौमित्र: व्हिडिओ लावू का तिथला? मोठ्या स्क्रीनवर छान दिसेल.

नलू: इनेझचं पोस्टकार्ड आहे की. राहू दे.

माधव: नलू, समुद्र इथून दहा मिनिटांवर आहे.

नलू: कुठे?

माधव: चौपाटीला.

नलू: छप्पन्न पायऱ्या आहेत.

माधव: एवढ्या लांब आलीस.

नलू: बसून आले. ते वेगळं.

माधव: डॉक्टर वर्षभर सांगतायत, उतर म्हणून. तू दारापर्यंत जातेस, चपलांकडे बघतेस आणि परत येतेस. मी काही म्हणत नाही. आज म्हणतो. प्रत्येक मजल्यावर थांबू. स्टूल घेतो मी बरोबर. दम लागला तर बसायचं. नाही वाटलं तर तिथून परत.

सौमित्र: मी पुढे राहतो आई. मॅल्कमला फोन करतो, इनेझ आंटीला घेऊन ये म्हणतो, तिकडेच भेटू.

नलू: आणि तुझं ते विंडोज? उद्या टीम आहे ना?

सौमित्र: सकाळी उठून टाकतो. हे बघ, गेम बंद केल्याबरोबर परत विचारतंय.

माधव: काय दाबलंस?

सौमित्र: 'नंतर.'

नलू: माझी साडी बरी आहे का ही?

माधव: छान आहे. हात दे.

नलू: कठड्याला धरते मी, तुम्ही तुमचं स्टूल सांभाळा. सौमित्र, दिवा बंद कर. हं. चला.

माधव: सावकाश हं नलू. वरच्या मजल्यावरची पोरं मागून येतायत, त्यांना घाई असते. कडेला होऊ या का?

नलू: कशाला? हॉर्न मारला तर मारू दे.