रुक्मिणीबाईंचे टाळ

कुंभकोणम्‌च्या बाजारात, मरुदानल्लूरच्या बसच्या रांगेत मराठी बोल कानी पडले, तसा जानकीराम वर्तमानपत्र मिटून ऐकू लागला. पुढे रुक्मिणीबाई आणि त्यांची शेजारीण गोमती उभ्या होत्या.

"तुझी तमिळ सून काल भजनात अभंग गायली, गोमती. उच्चार कच्चे हो तिचे!"

"तरी तुम्ही डोळे पुसत होता, अक्का."

"धूप गेला डोळ्यांत! नशीब काढलंस बाई. परक्या घरची पोर तुझ्याकडे मराठी शिकली, अन् माझी सख्खी नात कामाक्षी मला आजी सोडून 'पाट्टी' म्हणते. शाळेत पोरी हसल्या, तेव्हापासून घरातही तमिळच."

"आमची सून अलमेलु तर तुम्हांला आजीच म्हणते."

"त्यानंच तर अंगाची आग होते!"

बस आली. पायरीवर पाय ठेवून रुक्मिणीबाई वळल्या.

"उद्या धाड तिला आमच्याकडे."

"तुम्ही बोलावलंय म्हणून सांगू?"

"मुळीच नको! म्हणावं, म्हातारीचे टाळ नुसते पडून आहेत, ते घेऊन जा. आणि दारातूनच आजी म्हणून हाक मार. मोठ्यानं. आमची कामाक्षी आतल्या खोलीत असते."