पत्रकाच्या तळाशी छापलेला नंबर

नाही, ती बातमी मी लिहिली ती तारीख खात्रीने नाही सांगता येणार. मंगळवार असावा, कारण आमच्या पेपरची पुरवणी बुधवारी निघायची. वर्षाबद्दल तर माझ्यावर विसंबूच नका. डॉक्टरेट आहे माझी, बाई, आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे सुनेला विचारावं लागतं. पण तुमचं पत्रक वाचलं. ‘तरुणाई झपाट्याने इकडे वळते आहे’ — कुठे वळते आहे? तुमचं नेटवर्क पुढच्या महिन्यात सुरू होणार ना? मग वळली कोण? मीही छापलंय हे वाक्य, शब्दन् शब्द!

असंच एक पत्रक आलं होतं आमच्या डेस्कवर. नवं सोशल नेटवर्क, मालक गुळगुळीत गृहस्थ, सदस्य म्हणे दोन लाख. आता मी काही अडाणी नव्हे — मी तपासलं. कसं? पत्रकाच्या तळाशी जो नंबर होता, तिथेच फोन लावला! ‘‘दोन लाख का हो?’’ ‘‘हो साहेब, दोन लाख.’’ झाली खातरजमा. हसा, हसा. दुसऱ्या दिवशी चार पेपरांनी आमच्यावरून उचललं, आणि त्या चौघांचा हवाला देऊन मी पुढचा लेख लिहिला — तळटीपांसकट! सगळे तिथे आहेत म्हणून सगळे तिथे गेले. दोन महिन्यांत खरोखरच दोन लाख झाले. तेव्हा मला वाटलं, पाहा, आपला अंदाज किती अचूक. अंदाज! दळभद्री धंदा आहे हा, बाई, तुमचाही आणि माझाही.

त्याच सुमारास माझ्या पुतण्याने — जाऊ दे, तो विषय नको. म्हणजे, त्यानेही असंच एक नेटवर्क काढलं होतं. चांगलं होतं — असं मी आता म्हणतो. तेव्हा उघडूनही पाहिलं नव्हतं. वहिनी स्वतः ऑफिसात आली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. ‘‘भावजी, चार ओळी छापा. पोराने नोकरी सोडलीय यापायी.’’ मी म्हटलं, ‘‘वहिनी, घरच्यांची जाहिरात मी करत नाही. आधी काही घडू दे, मग बातमी.’’ केवढं तत्त्व! तत्त्व कसलं डोंबलाचं — त्या गृहस्थांनी मला परिषदेत व्यासपीठावर बसवलं होतं, ‘विचारवंत’ म्हणाले होते माइकवरून. पुतण्या नुसता ‘काका’ म्हणायचा. हे मी तुम्हाला का सांगतोय?

वर्षभरात बंद पडलं त्याचं. आता त्या गृहस्थांच्याच कंपनीत बसून लोकांच्या तक्रारी वाचतो. माझा फोन उचलत नाही. नाहीतरी बंदच पडलं असतं म्हणा — असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. चार ओळींनी असं काय होतं? नको, तुम्ही नकाच सांगू. त्याच चार ओळींसाठी तीन जिने चढून आल्या आहात तुम्ही.

उठा आता. मी लिहिणार नाही. दुसरा कोणी लिहील, काळजी नको — पत्रक सुबक आहे.

आणि कोणी विचारलंच, तर एवढं सांगा. हे मात्र मला नीट आठवतं, कारण फार उशिरा, त्या गृहस्थांचा जुना अभियंता निवृत्त झाल्यावर, त्याच्या घरी बसून मी नोंदी स्वतः पाहिल्या, आणि पुतण्याच्या नोंदी त्याच्या भागीदाराकडे जाऊन ताडून घेतल्या. माझी बातमी छापून आली त्या सकाळी त्या गृहस्थांकडे चारशे बारा माणसं होती. पुतण्याकडे अकरा हजार.