थांबाबाईच्या हौद्यातली आडवी खाच

नाव : गुण्या. (काटकोन तपासायच्या सुताराच्या हत्यारावरून पडलेले. पाळण्यातले नाव आता फक्त आई रागावली की घेते.) वय : छप्पन. धंदा : सुतारकाम. राहणार : लाकडाच्या वखारीमागे, स्वतःचे घर, बाजूला पत्र्याची शेड.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी आणि माझी आई राहतो. माझी धाकटी बहीण टेकडीवरच्या वस्तीत दिली आहे. तिचा नवरा मोटार मेकॅनिक आहे. त्याला या जबाबात यापुढे 'सदर इसम' असे लिहावे, अशी माझी लिहून घेणाऱ्या हवालदारांना विनंती आहे. त्याचे नाव माझ्या तोंडून येणार नाही.

आमच्या वडिलांची जुनी पिकअप गाडी आहे. मनात येईल तिथे थांबते म्हणून घरात तिला थांबाबाई म्हणतात. वडील गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. मागच्या, सामान ठेवायच्या हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या आणि इंजिन जाम झाले होते. यंदा आई म्हणाली, "मला एकदा त्या गाडीत बसून लेकीकडे जायचंय. दोघं मिळून चालू करा. भांडलात तर मी पाय ठेवणार नाही." त्यावरून अशी वाटणी ठरली की लाकूड माझे आणि लोखंड सदर इसमाचे. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. ही अट मी घातली होती.

मी संशयी नाही. पण जो माणूस कधीच आवाज चढवत नाही, त्याच्या मनात काय शिजते ते कळायला मार्ग नसतो. काहीही विचारले की सदर इसम "बघतो, दादा" एवढेच म्हणतो. काय बघतो ते सांगत नाही.

हौद्याचे काम मी पूर्ण केले. फळ्या नव्या घातल्या. वडिलांच्या वेळची एकच फळी धड निघाली, ती मध्यभागी ठेवली. सामान ओढून ओढून ती गुळगुळीत झाली आहे. सर्व स्क्रूंच्या खाचा मी गाडीच्या लांबीच्या दिशेने, एका ओळीत ठेवल्या. वडील तसेच करीत. झाडू मारला की खाचेतली माती सरळ मागे निघून जाते, असे ते सांगत. खरे म्हणजे ते दिसायला चांगले दिसते.

काम संपत आले तेव्हा एक चष्मेवाला गृहस्थ शेडवर येऊ लागला. त्याला जुन्या गाड्यांचा शौक आहे. तो इंजिनात डोके घालून म्हणाला, "हा कार्बोरेटर मूळचा आहे का? असा आता कुठे मिळत नाही." सदर इसम गालात हसला. मी ते हसणे पाहिले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर सोमवारी सकाळी शेड उघडली असता असे दिसून आले की, वडिलांच्या फळीवरील एका स्क्रूची खाच आडवी आहे. बाकी सर्व उभ्या. मी रात्री आडवी खाच ठेवून झोपू शकणारा माणूस नाही. मी त्या स्क्रूला हात लावला नाही. पुरावा म्हणून त्यावर रंगाचा रिकामा डबा उपडा घातला. इंजिनात पाहिले तर काळाकुट्ट कार्बोरेटर एकदम लख्ख चमकत होता. वडिलांनी कुणी बदलू नये म्हणून त्याच्या पोटाला कानशीने फुली मारली होती. ती तपासली का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. लोखंडाला मी हात लावत नाही.

शेजारच्या लोहाराने सांगितले की, आदल्या संध्याकाळी सदर इसम फडक्यात काहीतरी गुंडाळून घरी घेऊन गेला. तेव्हा मला सगळे उलगडले. मूळ कार्बोरेटर काढायचा, फळी उचकटून खाली लपवायचा, नकली बसवायचा आणि अंधार पडला की माल चष्मेवाल्याकडे. आमच्याच शेडमध्ये आमच्याच डोळ्यात धूळ.

मी टेकडीवर जाऊन सदर इसमाला विचारले, "फळीला कोणी हात लावला?" तो खाली मान घालून म्हणाला, "बघतो, दादा." माझी बहीण दारात आली. तिने मला घरात बोलावले नाही. "पोलिसात गेलास तर मला माहेर नाही असं मी धरून चालेन," असे ती म्हणाली. ती खोटे बोलत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी आलो.

एवढा जबाब लिहून होत असताना माझी बहीण ठाण्यात आली. तिच्या हातात तेच फडके होते. हवालदारांनी सांगितल्यावरून तिने ते टेबलावर सोडले. आत कार्बोरेटर नव्हता. ब्रेकच्या तेलाची एक बारीक नळी होती, तिला भोक पडलेले होते, आणि सोबत एक स्क्रू होता.

बहीण म्हणाली, "हा ह्याचाच स्क्रू आहे, साहेब. टोकाला मेण बघा. मेण लावून स्क्रू पिळणारा आमच्याकडे हा एकटाच." हवालदारांनी तो माझ्या हातात दिला. स्क्रू माझा आहे.

वडिलांची फळी झिजून पातळ झाली आहे. मी स्क्रू सगळीकडे एकाच मापाचा वापरला. तो फळीतून, खालच्या आडव्या लाकडातून पार जाऊन नळीत शिरला होता. बहिणीने सांगितले की, ब्रेक दाबल्यावर पोकळ लागला म्हणून सदर इसम गाडीखाली गेला. त्याने नळी नवी घातली आणि वरून आखूड स्क्रू बसवला. खाचेचे त्याला माहीत नव्हते.

बहीण पुढे म्हणाली, "कार्बोरेटर मी घासलाय, माझ्या दुधाच्या पातेल्यात उकळून. फुली तिथेच आहे. हे म्हणाले, दादांच्या हौद्याला नाव ठेवायचं नाही, त्यांना कळता कामा नये. आईला घेऊन तू टेकडीचा उतार उतरणार होतास, दादा."

यावर काय म्हणणे आहे असे विचारल्यावर मी पाणी मागितले. मला फार लाज वाटली, तेही लिहावे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फळीवरचा तो आखूड स्क्रू मी फिरवणार नाही. ती खाच आडवीच राहील.

सदर इसम बाहेर फाटकापाशी उभा आहे आणि आत यायला संकोचतो, असे बहीण सांगते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच आणि तसेच लिहिले आहे. दुरुस्ती एकच. जिथे जिथे 'सदर इसम' आहे तिथे तिथे 'आमचे दाजी' असे करावे. हवालदार म्हणतात, एवढी खाडाखोड कागदावर चालत नाही. म्हणून ते इथे शेवटी लिहून घेतले आहे, आणि त्याच्याखाली मी सही करतो.