उघड्या डोळ्यांची आत्या

…आणि वर बायको विचारते, "त्या फ्लॅशला सलाईन कधी लावलंत? ताप आहे का त्याला?" आता हिला काय सांगायचं! फ्लॅशला सलाईन नाही लावलेलं हो, सलाईनच्या स्टँडला फ्लॅश लावलाय, पण समजून घ्यायची हौस कोणाला! खिडकीला पांढरी चादर, स्टँडला पांढरी छत्री, छत्रीखाली मी उकिडवा, हातात कॅमेरा. शेजारचे काका दारातून डोकावले, काही न बोलता गेले… बाहेर जाऊन बोलले असतील! आणि हे सगळं कशापायी? कुतूहल हो, दुसरं काय!

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली आत्यामुळे. माझी आत्या इस्पितळात अडतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. तिथली पद्धत अशी, की मेट्रन निवृत्त झाली की तिचा फोटो वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर लागतो, आधीच्या सगळ्याजणींच्या रांगेत. पंधरा दिवसांनी हिचा लागायचा होता, आणि आत्याचा डोळे उघडे असलेला एक फोटो सापडेल तर शपथ! लग्नातला बघा, मिटलेले. सहलीतला बघा, मिटलेले. ओळखपत्रावर अर्धे, ते पण सातव्या वेळी फोटोवाला कंटाळला म्हणून. सगळे हसायचे, तीही हसायची. पण एकदा बशा पुसता पुसता म्हणाली, "अडतीस वर्षं जागले रे, ड्यूटीवर एकदा डोळा लागू दिला नाही… आणि भिंतीवर मात्र मला झोपलेली टांगणार." म्हणाली हसतच, पण तीच तीच बशी पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आत्या, तुझा फोटो मी काढतो.

स्टुडिओत का नाही नेलं म्हणता? नेलं की! एक म्हणाला, "बाई, एक, दोन, तीन म्हणतो, तीनला बघा." तीनला हिचे डोळे मिटलेले, अकराच्या अकरा वेळा! दुसरा म्हणाला, "काळजी नको, कॉम्प्युटरवर उघडतो." म्हणजे लेकाचा दुसऱ्याच कोणाचे तरी डोळे बसवणार होता माझ्या आत्याला!

माझ्याकडे एक म्हातारा कॅमेरा आहे, डोक्यावर टपकन फ्लॅश उघडणारा. त्याने आत्या काढली की पांढरीफटक, नाक चमकतंय, मागे काळी सावली, आणि डोळे… जाऊ द्या. म्हणून गेलो जुन्या सामानाच्या दुकानात, नवं घ्यायची ऐपत आहे कुठे! दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला, "साहेब, फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही, बाजूला ठेवायचा. उजेड बाजूने आला की माणूस माणसासारखा दिसतो." आणि एक फ्लॅश पुढे केला, बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं. "याला डोळा आहे, दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की हाही चमकतो. पण अक्कल शून्य, किती चमकायचं ते तुम्ही सांगायचं." म्हटलं, घरात माझ्याबद्दल हेच मत आहे, द्या.

स्टँड आत्यानेच दिला, इस्पितळाने मोडीत काढलेला. छत्री बायकोची, न विचारता घेतलेली. सगळं मांडलं, बटण दाबलं, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला, बाजूचाही उडाला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि फोटोत? बाजूच्या उजेडाचा पत्ता नाही! आत्याचे डोळे मिटलेले, ते तर ठरलेलंच. अहो, पण चमकला ना? मग उजेड गेला कुठे? आंघोळ करताना तेच, जेवताना तेच. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना आता." असं कसं जाऊ द्या! कुतूहल हो, दुसरं काय!

शेवटी मोबाइल उभा केला आणि संथ गतीतला व्हिडिओ काढला. बघतो तर काय, कॅमेऱ्याचा फ्लॅश एकदा नाही, दोनदा चमकतो! आधी एक बारीक, उजेड किती लागेल ते चाचपायला, आणि लगेच दुसरा, खरा. आमचे बिनडोक महाशय पहिल्यालाच फसून आधीच उडून मोकळे! आणि त्याच व्हिडिओत आत्या… बारीक चमकला, पापण्या खाली निघाल्या, खरा चमकेपर्यंत दुकान बंद! मी ओरडलो, "आत्या, तू घाबरत नाहीस गं, तू चपळ आहेस!" आत्या म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. चहा निवतोय."

पुन्हा दुकान. काडेपेटीएवढ्या दोन बिनतारी डब्या आणल्या, एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली, की कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंद आणि बाजूचा एकदाच उडणार. आता कशी मिटतेस बघतो! म्हटलं, एक, दोन, तीन… मिटलेले! परत एक, दोन, तीन… मिटलेले! मी मटकन खालीच बसलो. "आत्या, आता का गं?"

"अरे, तीनला काहीतरी होणार हे माहीत असलं की माणूस अंग आवळून घेतोच. म्हणून तर आम्ही तीन म्हणतो आणि सुई दोनलाच टोचतो."

मी ताडकन उठलो. आपण काय बोलून गेलो हे तिच्या गावीही नव्हतं. म्हटलं, आत्या, शेवटचा हं. तीनला. एक… दोन… खट्!

उघडे! दोन्ही! टपोरे, तपकिरी, आणि प्रत्येकात एक एक इवलीशी पांढरी छत्री. आत्याने कॅमेरा हातात घेतला, फोटो अगदी जवळून बघितला. मग म्हणाली, "जागी दिसते रे मी." आणि ज्या डोळ्यांसाठी एवढा आटापिटा केला तेच पुसत बसली. माझंही काही खरं नव्हतं, मी उगाच बॅटऱ्या काढत होतो.

फोटो लागला, अगदी ड्यूटीच्या टेबलासमोर. आठच दिवसांत एका नर्सचा फोन, दबक्या आवाजात, "काका, फोटो फारच छान आलाय, पण पहाटे जरा टेबलावर डोकं टेकलं की बाई बघतात हो! कुठेही बसा, बघतात! त्यांचा डोळे मिटलेला एखादा आहे का?" आहे का म्हणे! पेटीभर आहेत! पण देऊ कोणत्या तोंडाने, तुम्हीच सांगा? आत्या रोज विचारते, "माझा फोटो बघून पोरी काय म्हणतात रे?" आणि मी आपला रोज सांगतो, "आत्या, तू लागल्यापासून वॉर्डात कोणी झोपलेलं नाही."